बिल न्यू जर्सीत, डेटा सेंटर व्हर्जिनियात: पीजेएमच्या लिलावात नेमकं काय झालं?

खाडीवारा (धागाकर्ता)

न्यू जर्सीत १ जून २०२५ पासून घरगुती वीजबिलं एका झटक्यात १७ ते २० टक्क्यांनी वाढली. पीएसई अँड जी असो, जेसीपी अँड एल असो की अटलांटिक सिटी इलेक्ट्रिक, कुठल्याच वीज कंपनीचे ग्राहक सुटले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक राजकारण्याने आपापला गुन्हेगार ठरवून टाकला आहे. कोणी एआयच्या डेटा सेंटरकडे बोट दाखवतं, कोणी तेव्हाचे राज्यपाल मर्फी यांच्या पवनऊर्जेच्या धोरणाकडे, कोणी अनेक राज्यांचं ग्रिड चालवणाऱ्या पीजेएमकडे, तर कोणी वीज कंपन्यांच्या नफ्याकडे. मिकी शेरिल यांनी नोव्हेंबर २०२५ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत हाच मुद्दा लावून धरला आणि २० जानेवारी २०२६ ला शपथ घेतल्या घेतल्या विजेच्या दरांवरून आणीबाणीचे आदेश काढले.

माझं मत असं की डेटा सेंटर हे मुख्य कारण आहे, पण राज्यपाल बदलल्याने त्यावर फारसा इलाज होणार नाही. भाव ठरतो तो पीजेएमच्या लिलावात, मागणी वाढते ती प्रामुख्याने व्हर्जिनियात, आणि नियम करते ती वॉशिंग्टनमधली केंद्रीय ऊर्जा नियामक संस्था, एफईआरसी. जाणकारांनी सांगावं: वाढीतला किती वाटा खरंच डेटा सेंटरचा? तो रोखणं कोणाच्या हातात आहे? आणि ज्याच्या घरी बिल येतं त्याने बिलात काय तपासावं?

मेगावॉट

चांगला धागा. आधी लिलाव समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील.

पीजेएम म्हणजे तेरा राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांचं सामाईक ग्रिड. साडेसहा कोटींहून जास्त लोक त्यावर आहेत. तिथे दोन बाजार वेगवेगळे चालतात. एक प्रत्यक्ष विजेचा, रोजचा, तासातासाचा. दुसरा क्षमतेचा, म्हणजे कपॅसिटीचा. लग्नाच्या हंगामासाठी हॉल आगाऊ अडवून ठेवावा तसा हा दुसरा बाजार आहे: वीज वापरा न वापरा, 'ऐन गर्दीच्या तासाला मागितली तर देऊ' या हमीचे पैसे. हमीचं वर्ष १ जून ते ३१ मे. भाव दर मेगावॉटमागे दर दिवसाचा सांगतात.

आता आकडे बघा. २०२४-२५ साठी भाव होता २८.९२ डॉलर. जुलै २०२४ मध्ये २०२५-२६ चा लिलाव झाला आणि भाव निघाला २६९.९२. नऊ पटींहून जास्त. एकूण खर्च २.२ अब्जांवरून १४.७ अब्ज डॉलरवर गेला. जुलै २०२५ च्या लिलावात ३२९.१७, आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात ३३३.४४. हे शेवटचे दोन्ही भाव म्हणजे ठरवून दिलेली कमाल मर्यादा. पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल जॉश शपिरो यांनी डिसेंबर २०२४ मध्ये एफईआरसीकडे तक्रार केली, तडजोड झाली आणि दोन लिलावांपुरती साधारण १७५ ते ३२५ डॉलरची चौकट आखली गेली. ती नसती तर दोन्ही भाव याच्याही वर गेले असते.

एवढी उडी का, तर तीन कारणं एकत्र आली. पुरवठा घटला: बंद झालेली किंवा बंद होणार असलेली सुमारे ६,६०० मेगावॉटची केंद्रं हिशेबातून गेली. मागणीचा अंदाज वाढला: कमाल भार १,५०,६४० वरून १,५३,८८३ मेगावॉट. आणि कुठल्या केंद्राची किती क्षमता खरी धरायची, तो नियमच बदलला.

अंदाज जेमतेम दोन टक्क्यांनी वाढला आणि भाव नऊपट झाला, हे अनेकांना पटत नाही. पण लिलावातली मागणीची रेषा टंचाईच्या जवळ अगदी उभी असते. शेवटची बोली ज्या भावाला बसते तोच भाव सगळ्यांना मिळतो, चाळीस वर्षं जुन्या अणुकेंद्रालासुद्धा.

पाणकोंबडा

मेगावॉटच्या दिवसाला २७० डॉलर म्हणजे घरच्या बिलात किती, ते कोणी मांडेल का?

मेगावॉट

@पाणकोंबडा, मांडतो. समजा एका घराचा ऐन गर्दीच्या तासातला वाटा ३ किलोवॉट धरला आहे, म्हणजे ०.००३ मेगावॉट. २८.९२ गुणिले ०.००३ गुणिले ३० दिवस, महिन्याला २ डॉलर ६० सेंट. २६९.९२ ने तेच २४ डॉलर २९ सेंट. ३२९.१७ ने २९ डॉलर ६३ सेंट. यावर राखीव क्षमतेचा गुणक चढतो तो वेगळा.

पण न्यू जर्सीत हे थेट असं उतरत नाही. घरगुती ग्राहकांसाठी राज्याचा स्वतःचा लिलाव दर फेब्रुवारीत होतो, त्याला बीजीएस म्हणतात. त्यात तीन वर्षांचे करार असतात आणि दर वर्षी फक्त एक तृतीयांश वीज नव्याने घेतली जाते. एरवी या पायऱ्यांमुळे धक्का तीन वर्षांत विभागला जातो. या खेपेला पीजेएमचे लिलाव सारखे लांबणीवर पडल्याने आधीच्या करारांत क्षमतेचा तात्पुरता भाव धरला होता, खरा भाव आल्यावर फरक चुकता करायची तरतूद होती. त्यामुळे जुन्या करारांतूनही वाढ एकदम वर आली. जून २०२५ चा दणका एवढा का बसला, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

सातपुडा

मूळ लेखातलं 'डेटा सेंटर मुख्य कारण' हे मला मान्य नाही. निदान २०२५-२६ च्या लिलावापुरतं तरी नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये एलियट नावाचं हिमवादळ आलं. नाताळच्या आदल्या दिवशी पीजेएममधली सुमारे ४६,००० मेगावॉटची केंद्रं आयत्या वेळी बंद पडली, त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास गॅसवरची. पाइपलाइनमधला दाब उतरला, उपकरणं गोठली, गॅस मिळाला नाही. त्यानंतर नियम बदलला: केंद्राच्या पाटीवर लिहिलेली क्षमता नव्हे, अडचणीच्या तासात ती खरंच किती उपयोगी पडेल त्याचाच टक्का धरायचा. २०२५-२६ साठी अणुकेंद्राला ९५ टक्के, कोळशाला ८४, गॅसच्या कंबाइन्ड सायकलला (वाया जाणाऱ्या उष्णतेवरही वीज बनवणारं केंद्र) ७९, साध्या गॅस टर्बाइनला ६२, चार तासांच्या बॅटरीला ५९, जमिनीवरच्या पवनचक्कीला ३५ आणि एका जागी स्थिर सौर पॅनलला फक्त ९. एकही केंद्र न पाडता कागदावरची हजारो मेगावॉट क्षमता गेली.

दुसरं, मेरीलँडची ब्रँडन शोअर्स आणि वॅगनर ही केंद्रं. ती बंद होणार होती, पण बाल्टिमोरच्या ग्रिडला लागतात म्हणून वेगळे पैसे देऊन चालू ठेवली. म्हणजे केंद्रं चालणार, ग्राहक त्यांचे पैसे भरणार, पण लिलावात ती पुरवठा म्हणून मोजलीच नव्हती. बाल्टिमोर विभागाचा भाव त्या लिलावात ४६६.३५ डॉलरवर गेला. पुढच्या लिलावांपासून ही चूक सुधारली.

तिसरं, रांग. नवीन केंद्र ग्रिडला जोडायच्या अर्जांचा ढीग एवढा साचला की पीजेएमने २०२२ पासून नवे अर्ज हाताळणंच थांबवलं. भाव वाढला की नवा पुरवठा येईल, हे लिलावाचं मूळ तत्त्व. दारच बंद असेल तर भाव कितीही वाढवा, आत कोण येणार?

आणि न्यू जर्सीचं स्वतःचं: ऑयस्टर क्रीक अणुकेंद्र सप्टेंबर २०१८ मध्ये बंद झालं. त्याची जागा समुद्रातल्या पवनचक्क्या घेतील असं धरलं होतं, आणि ओर्स्टेड कंपनीने ३१ ऑक्टोबर २०२३ ला ओशन विंडचे दोन्ही प्रकल्प सोडून दिले. हे सगळं डेटा सेंटरच्या खात्यावर कसं टाकणार?

निशिगंध

@सातपुडा, तुम्ही सांगितलेली कारणं खरी आहेत, पण प्रमाण बघायला हवं. पीजेएमच्या बाजारावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र संस्था नेमलेली आहे, मॉनिटरिंग अ‍ॅनालिटिक्स. त्यांनी लिलाव पुन्हा चालवून पाहिला, आहेत आणि येणार आहेत ती डेटा सेंटरं वजा करून. २०२५-२६ मध्ये फरक निघाला सुमारे ९.३ अब्ज डॉलर. १४.७ अब्जांपैकी साधारण ६३ टक्के. पुढचं वर्ष धरलं तर दोन्ही मिळून १६.६ अब्ज.

त्याच संस्थेने मेरीलँडच्या केंद्रांचा आणि नव्या टक्केवारीचा परिणामही अब्जांत मोजला आहे. हे आकडे वेगवेगळे वजा करून काढलेले असतात, त्यांची बेरीज करायची नसते. उभ्या रेषेवर उभं असताना कुठलंही एक कारण काढलं तरी भाव कोसळतो, म्हणून प्रत्येक कारण 'मुख्य' दिसतं.

पण पुढचं चित्र वेगळं आहे. एलियटनंतरचा नियमबदल एकदाच झाला, मेरीलँडची केंद्रं आता मोजली जातात. वाढत राहणारं कारण एकच उरतं. २०२४ ते २०३० मध्ये पीजेएमला ३२,००० मेगावॉट वाढ दिसते, त्यातली सुमारे ३०,००० डेटा सेंटरची. डिसेंबर २०२५ च्या लिलावात तर पहिल्यांदाच असं झालं की कमाल भाव देऊनही विश्वासार्हतेच्या गरजेपेक्षा ६,६२३ मेगावॉट कमी मिळाले. त्या वर्षी मागणीच्या अंदाजात झालेली वाढ जवळपास सगळीच डेटा सेंटरची होती.

वाटसरू

मग सरळ नवीन डेटा सेंटरवर बंदी का घालत नाहीत?

लालमाती

@वाटसरू, घालणार कोण? जमिनीचा वापर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, हातात. ॲशबर्न हे डेटा सेंटरांचं गाव व्हर्जिनियातल्या ज्या लाउडन काउंटीत आहे तिथे डेटा सेंटरमधल्या संगणकांवरच्या मालमत्ता कराने काउंटीचं बजेट उचलून धरलं आहे. त्या जोरावर घरांवरचा कराचा दर खाली ठेवता आला. मार्च २०२५ मध्ये लाउडनने एवढंच केलं की आपोआप मिळणारी परवानगी काढली, आता प्रत्येक प्रकल्पाला सुनावणीतून जावं लागतं. कर मिळतो लाउडनला, क्षमतेचे पैसे जातात तेरा राज्यांतून. स्वतःहून ते कशाला थांबवतील?

तारतम्य

चर्चा पैशावर चालली आहे, पण ग्रिड चालवणाऱ्यांची झोप उडवणारी गोष्ट वेगळी आहे. १० जुलै २०२४, उत्तर व्हर्जिनिया.

संध्याकाळी २३० केव्हीच्या एका लाइनवरचा लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून लाइन वाचवणारं उपकरण) निकामी झाला. लाइन ट्रिप झाली. रिक्लोजरने नेहमीप्रमाणे ती परत जोडून पाहिली, दोष तिथेच होता, पुन्हा ट्रिप. दोन्ही टोकांकडून असे प्रयत्न मिळून ८२ सेकंदांत सहा फॉल्ट झाले. संरक्षण यंत्रणा ठरल्याप्रमाणे वागली, तिच्यात काहीच बिघाड नव्हता. प्रत्येक फॉल्टला आसपासच्या भागात व्होल्टेज क्षणभर खाली गेलं.

डेटा सेंटरच्या यूपीएसमध्ये एक मोजणी असते. एका मिनिटात तीन वेळा व्होल्टेज घसरलं की ती ठरवते, ग्रिडचा भरवसा नाही, आणि सगळा भार स्वतःच्या बॅटरी-जनरेटरवर घेते. साठेक डेटा सेंटरांनी हे जवळजवळ एकाच वेळी केलं. १,५०० मेगावॉट भार काही क्षणांत ग्रिडवरून नाहीसा झाला. फ्रिक्वेन्सी ६०.०४७ हर्ट्झपर्यंत चढली, व्होल्टेजही वर गेलं, ऑपरेटरना व्होल्टेज वर ठेवणाऱ्या कपॅसिटर बँक काढून ते खाली आणावं लागलं.

अचानक केंद्र बंद पडलं तर काय करायचं याची तयारी ग्रिडला शंभर वर्षांची आहे. अचानक ग्राहकच निघून गेला तर काय, याची नाही. आणि परतीचा प्रश्न आणखी अवघड: बऱ्याच ठिकाणी यूपीएस आपोआप ग्रिडवर येत नाही, तंत्रज्ञाने हाताने आणावं लागतं. म्हणजे भार कधी आणि किती परतणार हे नियंत्रण कक्षाला आधी कळत नाही.

पाणकोंबडा

वाचनखूण साठवली. पण तीनच्या जागी सहा घसरणी सहन कर, असं यूपीएसला सांगता येत नाही का? की आतल्या सर्व्हरना धोका?

तारतम्य

@पाणकोंबडा, येतं. सर्व्हरच्या पॉवर सप्लायला काही मिलिसेकंदांची घसरण चालते, आणि मधल्या वेळेला बॅटरी आहेच. अडचण तंत्राची नाही. ती मोजणी यूपीएस बनवणाऱ्याने किंवा डेटा सेंटरच्या डिझायनरने ठरवलेली असते, ग्रिडने विचारलेलीच नसते. सौर आणि पवन केंद्रांना 'एवढ्या घसरणीत जोडलेले राहा' असा बंधनकारक नियम आहे. मोठ्या ग्राहकांना तसा नव्हता. ग्रिडच्या विश्वासार्हतेचे नियम करणारी एनईआरसी आता त्यावर काम करते आहे.

जोडणीचा करार करतानाच तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात: किती व्होल्टेजला किती वेळ टिकायचं, किती फॉल्टनंतर बॅटरीवर जायचं, आणि परत येताना दर मिनिटाला किती मेगावॉटने यायचं.

हिशेबनीस

'रोखणं कोणाच्या हातात' याकडे वळतो. राज्यांच्या वीज आयोगांनी २०२५ मध्ये बरंच काम केलं आहे, त्याची चर्चा फार कमी होते.

ओहायोच्या आयोगाने जुलै २०२५ मध्ये एईपी ओहायो या वीज कंपनीसाठी नियम मंजूर केला: २५ मेगावॉटपेक्षा मोठ्या नव्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापर कमी असला तरी, बारा वर्षं. त्यातली पहिली चार वर्षं भार हळूहळू वाढवण्याची. मधेच सोडून गेलात तर बाहेर पडण्याचा आकार. परिणाम बघा. आधी ३०,००० मेगावॉटहून जास्त मागणीचे अर्ज होते. नियम आल्यावर उरले १३,००० मेगावॉटचे.

हा आकडा फार महत्त्वाचा आहे. एकच कंपनी एकाच डेटा सेंटरसाठी चार राज्यांत अर्ज टाकते, जिथे वीज आधी मिळेल तिथे बांधते. बाकीचे तीन अर्ज मात्र त्या त्या राज्याच्या अंदाजात बसून राहतात. त्या अंदाजावर पीजेएमचा लिलाव होतो. म्हणजे कधीच न बांधल्या जाणाऱ्या इमारतींसाठीही आज पैसे जाऊ शकतात.

व्हर्जिनियाच्या आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉमिनियन या वीज कंपनीसाठी २५ मेगावॉट आणि त्यावरच्या ग्राहकांचा वेगळा वर्ग केला, जीएस-५. जानेवारी २०२७ पासून लागू, १४ वर्षांचा करार, वितरण-पारेषणाच्या मागणीच्या किमान ८५ टक्के आणि निर्मितीच्या ६० टक्के रक्कम भरायचीच. टेक्सासने, जे पीजेएममध्ये नाही, जून २०२५ मध्ये एसबी ६ कायदा केला: ७५ मेगावॉटपासून पुढच्यांना अभ्यासासाठी किमान एक लाख डॉलर शुल्क, दुसरीकडे असाच अर्ज केला असेल तर तो उघड करायचा, आणि ग्रिड संकटात असेल तेव्हा भार उतरवायची तयारी ठेवायची.

सातपुडा

@हिशेबनीस, माहिती उत्तम. पण यातून न्यू जर्सीच्या ग्राहकाला नक्की काय मिळतं ते स्पष्ट व्हायला हवं, कारण राजकीय भाषणांत इथेच गल्लत होते.

८५ टक्क्यांचा नियम तारांचा खर्च वाचवतो. सबस्टेशन बांधलं, ट्रान्सफॉर्मर आणला आणि डेटा सेंटर आलंच नाही, तर तो बोजा इतरांवर पडू नये, यासाठी तो आहे. क्षमतेच्या लिलावाचा भाव त्याने खाली येत नाही. डेटा सेंटरने आपल्या वाट्याचे सगळे पैसे इमानेइतबारे भरले तरी त्याच्या येण्याने भाव वाढतो, आणि तो भाव प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक मेगावॉटला लागतो. 'डेटा सेंटरने आपला खर्च आपण भरावा' ही घोषणा ऐकायला बरी वाटते. खर्च त्याने भरला तरी शेजाऱ्याचं बिल वाढतंच, हे तिच्यात येत नाही.

त्यावर इलाज दोनच. नव्या भाराने स्वतःची नवी निर्मिती सोबत आणावी, किंवा टंचाईच्या तासाला बाजूला व्हायला तयार असावं.

हिशेबनीस

@सातपुडा, बरोबर. एकच पुरवणी: फुगवलेले अर्ज गळाले तर अंदाज खाली येतो आणि अंदाजावाटे भावावरही परिणाम होतो. तेवढा उपयोग मात्र खरा.

बाजूला होण्याबद्दल: ग्राहकाचा क्षमतेतला वाटा ठरतो तो उन्हाळ्यातल्या फक्त पाच तासांवरून. जून ते सप्टेंबर, सगळ्या पीजेएमचा भार सर्वांत जास्त असलेले पाच वेगवेगळे दिवस, त्या प्रत्येकातला एक तास, बहुतेक वेळा दुपारी चार ते संध्याकाळी सात यांच्या दरम्यानचा. त्या पाच तासांत तुमचा मीटर किती होता, त्यावर पुढच्या जूनपासूनचं वर्षभराचं बिल. पाच तासांचं पाप, बारा महिन्यांचं प्रायश्चित्त. पोलादाचे कारखाने या तासांचा अंदाज बांधून भट्ट्या बंद ठेवतात. डेटा सेंटरही मॉडेल शिकवण्याचं काम तेवढा वेळ थांबवू शकतं. सर्च, बँकिंग असली कामं थांबवता येत नाहीत. पण एआयच्या शिकवणीला दोन तास उशीर झाला तर कोणाचं काय अडतं?

निशिगंध

'स्वतःची निर्मिती आणा' यातही एक पळवाट होती, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. मार्च २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनने पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना अणुकेंद्राला खेटून असलेला डेटा सेंटरचा परिसर केंद्राची मालक कंपनी टॅलेन हिच्याकडून ६५ कोटी डॉलरना घेतला. बेत असा की केंद्राच्या कुंपणातूनच थेट वीज घ्यायची, ९६० मेगावॉटपर्यंत, ग्रिडला वळसा घालून. जोडणीचा करार ३०० वरून ४८० मेगावॉटवर न्यायचा प्रस्ताव एफईआरसीने १ नोव्हेंबर २०२४ ला दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळला. आक्षेप साधा होता: केंद्र बंद पडलं की डेटा सेंटर ग्रिडकडेच बघणार, मग पारेषणाचे पैसे का भरायचे नाहीत? जून २०२५ मध्ये टॅलेन आणि अ‍ॅमेझॉनने नवा करार केला, १,९२० मेगावॉटचा, आता ग्रिडमधून आणि पारेषण आकारासह.

पण असलेलं अणुकेंद्र असं अडवून घेणं म्हणजे नवी निर्मिती नव्हे. आहे त्यातलाच घास उचलला. थ्री माइल आयलंडच्या युनिट एकचं वेगळं. ते २०१९ मध्ये बंद झालं होतं, मायक्रोसॉफ्टच्या वीस वर्षांच्या करारावर ८३५ मेगावॉट परत येणार आहेत. ते खरोखर भर घालणारं आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये एफईआरसीने पीजेएमला अशा कुंपणातल्या जोडण्यांचे स्पष्ट नियम करायला सांगितलं. १६ जानेवारी २०२६ ला व्हाइट हाउस आणि पीजेएममधल्या राज्यपालांनी मिळून मागणी केली की नव्या केंद्रांसाठी वेगळा लिलाव घ्या, १५ वर्षांचे करार करा, त्याचे पैसे टेक कंपन्यांकडून घ्या, आणि भावाची कमाल मर्यादा आणखी दोन लिलाव चालू ठेवा. ट्रम्प प्रशासन आणि शपिरो एका कागदावर येणं ही आजच्या राजकारणात छोटी गोष्ट नाही.

मेगावॉट

वेगळा लिलाव ठीक, पण केंद्र उभं कधी राहणार? मोठ्या गॅस टर्बाइन बनवणाऱ्या कंपन्या जगात मुख्यतः तीन: जीई व्हर्नोव्हा, सीमेन्स एनर्जी, मित्सुबिशी. आज ऑर्डर दिली तर टर्बाइन दशकाच्या शेवटी. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला दोन ते चार वर्षं. डेटा सेंटर मात्र दोन वर्षांत उभं राहतं. या दोन वेगांमधली दरी कुठल्याही आदेशाने बुजत नाही. तोवर बॅटऱ्या, मागणी उतरवणं आणि रांगेतले तयार प्रकल्प सोडवणं एवढंच हातात आहे.

ऐरोलीकर

थोडं अवांतर. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटर वाढत आहेत, म्हणून आपल्याकडचा फरक नोंदवतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकाला युनिटच्या दराखेरीज केव्हीएवर मागणी आकार असतोच, आणि वापर कमी झाला तरी करारातल्या मागणीच्या ठरावीक टक्क्यावर तो भरावा लागतो. ओहायोने आता जे आणलं त्याच्याशी मिळतीजुळती तरतूद आपल्या दरपत्रकात आधीपासून आहे. शिवाय आपल्याकडे क्रॉस सबसिडीची दिशा उलटी: उद्योग जास्त भरतो, छोटा घरगुती ग्राहक आणि शेतकरी कमी. आणि सगळ्यांच्या हमीचा भाव एका रात्रीत ठरवणारा असा लिलाव आपल्याकडे नाही, त्यामुळे नऊपट उडीचा धोका त्या वाटेने येत नाही. पण ३३ केव्ही, १०० केव्ही, २२० केव्हीच्या जोडण्यांत तारतम्य यांनी सांगितलेली यूपीएसची अट आत्ताच घालायला हवी. नंतर प्रत्येक इमारतीत जाऊन सेटिंग बदलणं फार कठीण.

वाटसरू

न्यू जर्सीने पीजेएममधून बाहेरच पडावं. शपिरोही तसं बोलले होते ना?

सातपुडा

@वाटसरू, बोलले होते, पण दबाव आणणं वेगळं आणि बाहेर पडणं वेगळं. न्यू जर्सीने १९९९ च्या कायद्याने वीज कंपन्यांना निर्मितीतून बाहेर काढलं. आज पीएसई अँड जीकडे तारा आहेत, केंद्रं नाहीत. राज्य स्वतःच्या गरजेपेक्षा कमी वीज बनवतं. बाहेर पडलात तरी वीज त्याच शेजाऱ्यांकडून घ्यावी लागेल.

राज्याने स्वतः केंद्रं बांधायला पैसे द्यायचा प्रयत्न याआधी केला आहे. २०११ मध्ये न्यू जर्सीने कायदा करून नव्या गॅस केंद्रांना भावाची हमी दिली होती. फेडरल कोर्टाने तो रद्द केला. मेरीलँडचं तसंच प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये आठ विरुद्ध शून्य निकाल आला: घाऊक भाव ठरवणं एफईआरसीचं काम, राज्याने पीजेएमच्या लिलावाशी बांधलेली हमी देता येणार नाही. राज्याला अनुदान देता येतं, जागा आणि परवाने देता येतात, बॅटरीला पैसे देता येतात. फक्त 'लिलावात जा, कमी पडलं तर आम्ही भरू' असं म्हणता येत नाही. शेरिल यांच्या आदेशांतून नक्की काय निघतं, ते या चौकटीत बघा.

लालमाती

मतदारांना मात्र हे बरोबर कळलं आहे. जॉर्जिया पीजेएममध्ये नाही, तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या वीज आयोगाच्या दोन जागा डेमोक्रॅट्सनी जिंकल्या. एरवी या निवडणुकीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

खाडीवारा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सातपुडा आणि निशिगंध यांच्या चर्चेनंतर माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं बरीचशी मिळाली. तिसरा राहिला: बिलात काय बघायचं?

हिशेबनीस

बिलाचे दोन भाग असतात, पुरवठा आणि वितरण. आतापर्यंत आपण बोललो ती वाढ पुरवठ्याच्या भागात आहे. तिथे 'प्राइस टू कम्पेअर' नावाचा दर छापलेला असतो. पुरवठादार म्हणून दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं तर आधी तिचा दर याच्याशी ताडून बघा. दारावर येऊन किंवा फोनवर 'स्वस्त वीज' विकणाऱ्यांचा पहिल्या काही महिन्यांचा दर कमी असतो, मग बदलता दर लागतो. करारात 'व्हेरिएबल' शब्द कुठे आहे आणि सोडण्याचं शुल्क किती, हे दोन मुद्दे आधी वाचा. मूळ पुरवठ्यावर परत जायला वीज कंपनीला एक फोन पुरतो. बदल पुढच्या मीटर वाचनापासून लागू होतो. दारावरच्या माणसाला बिल दाखवू नका. त्यावरचा खाते क्रमांक मिळाला की त्याचं अर्धं काम होतं.

पीएसई अँड जीच्या नेहमीच्या घरगुती दरात जून ते सप्टेंबर ६०० युनिटांपर्यंत एक दर आणि वर जास्त दर असतो. एसीचं तापमान वाढवायचं तर संध्याकाळी चार ते सातमध्ये वाढवा. घरगुती मीटरवर लगेच फायदा दिसेलच असं नाही, पण त्या वेळची बचत ग्रिडला सर्वांत जास्त उपयोगी.

सौर पॅनल स्वतः विकत घेणाऱ्यांसाठी असलेली ३० टक्क्यांची फेडरल करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. अजून ती सवलत सांगून विकणारा भेटला तर सही करू नका. भाड्याने बसवणाऱ्या कंपन्यांना वेगळी सवलत काही काळ आहे, ती त्यांना मिळते, तुम्हाला नाही. छत नसेल तर कम्युनिटी सोलरचा (सामाईक सौर प्रकल्पातल्या वाट्याचा) पर्याय आहे, त्यात बिलावर ठरावीक सूट मिळते. उत्पन्न कमी असेल तर यूएसएफ आणि लिहीप या बिल भरायला मदत करणाऱ्या योजना आहेत, दोन्हींसाठी एकच अर्ज चालतो.

पाणकोंबडा

दर महिन्याला सारखी रक्कम भरायची योजना घ्यावी का?

हिशेबनीस

@पाणकोंबडा, रोख सांभाळायला चांगली, बचत एका पैशाची नाही. कंपनी मागच्या बारा महिन्यांवरून हप्ता काढते आणि वर्षाच्या शेवटी फरक एकदम मागते. दर वाढलेल्या वर्षात हा फरक मोठा निघतो. घेतलीत तर बिलावर 'आजवरचा खरा वापर' आणि 'आजवर भरलेले' अशा दोन रकमा छापलेल्या असतात, त्यातलं अंतर दर तीन महिन्यांनी बघा आणि वाढत असेल तर हप्ता बदलून मागा. वर्ष संपायची वाट बघायची गरज नसते.